बंद पडण्याची रीत : एका जुन्या आउटबोर्ड मोटरची दुरुस्ती

माझ्याकडे आलेली आउटबोर्ड मोटर (होडीच्या मागच्या कडेला बाहेरून टांगायचे इंजिन) १५ अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी) आणि दोरी ओढून सुरू करायची होती. सहा वर्षे ती एका शेडमध्ये लाकडी घोडीवर टांगलेली होती. 'शेवटची चालवली तेव्हा उत्तम चालत होती' एवढेच आधीच्या मालकांनी देताना सांगितले. ते खोटे नसावे असे मला आजही वाटते, कारण पुढे जे बिघाड सापडले त्यांतले बहुतेक चालवल्याने नव्हे, तर नुसते ठेवून दिल्याने झालेले होते. वापरातले यंत्र झिजते हे सर्वांनाच ठाऊक असते. पण पेट्रोल, रबर, मीठ आणि अॅल्युमिनियम एकत्र असलेले यंत्र पडून राहिले तर आतून त्याचे काय होते, हे मी या मोटरवर पहिल्यांदा बारकाईने पाहिले.

मोटर स्टँडवर चढवल्यावर लगेच दोरी ओढून पाहावी असे फार वाटत होते. तो मोह मी आवरला. इतकी वर्षे न फिरलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरलेला असू शकतो आणि कोरड्या रिंगा त्यावर जोराने घासल्या गेल्या तर भिंतीवर कायमचे ओरखडे पडतात. म्हणून दोन्ही प्लग काढले, प्लगच्या छिद्रांतून चमचा-चमचा टू-स्ट्रोक ऑइल आत सोडले आणि इंजिन रात्रभर तसेच ठेवले. सकाळी फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवले. सुरुवातीला थोडे अडले, मग ऑइल पसरले आणि अखंड वर्तुळात फिरू लागले. तेव्हा पहिला सुटकेचा निःश्वास टाकला.

काढलेले प्लग मी क्रमाने कागदावर ठेवले होते. खालच्या सिलिंडरचा प्लग कोरडा आणि तपकिरी होता. वरच्याचा काळाकुट्ट आणि इतक्या वर्षांनंतरही चिकट, तेलकट. 'वरचा ओला, खालचा कोरडा' अशी नोंद मी वहीत केली आणि शेवटी कुणीतरी चोक (हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप) ओढून बराच वेळ प्रयत्न केला असावा, असा तर्क करून तो विषय सोडून दिला. चोक ओढल्याने दोन्ही सिलिंडर सारखेच ओले व्हायला हवेत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. या नोंदीकडे मला पुढे परत यावे लागले.

तपासणीची सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते तिथून, केली. त्याचे कारण व्यवहारी आहे. ठिणगी आणि पेट्रोल या दोन्हींचे दोष थोड्या खर्चात दुरुस्त होतात; पण पिस्टन, रिंगा किंवा सिलिंडरच खराब असेल तर बाकी सगळ्यावर घातलेला वेळ आणि पैसा वाया जातो. प्लगच्या छिद्रात गेज बसवायचे, थ्रॉटल पूर्ण उघडायचा म्हणजे हवा मोकळेपणाने आत येते, आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढत राहायचे. दुसऱ्या सिलिंडरवरही तितक्याच वेळा आणि तितक्याच जोराने ओढायचे. वरच्याचा आकडा ११० पौंड प्रति चौरस इंच आला आणि खालच्याचा १०६. नेमका आकडा किती असावा हे मोटरगणिक बदलते आणि गेजागणिकही थोडे बदलते. महत्त्व असते ते दोन सिलिंडरमधल्या फरकाला. तो १० टक्क्यांच्या आत असला तर काम पुढे नेण्यासारखे आहे असे मानतात. माझ्याकडे तो ४ टक्क्यांच्या आसपास होता.

ठिणगीच्या तपासणीत फार वेळ गेला नाही. नवे प्लग पुस्तिकेप्रमाणे १ मिलिमीटर गॅपवर आणून वायरींना जोडले, त्यांची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकवली, प्लगच्या छिद्रांवर कापड दाबले आणि दोरी ओढली. वर निळसर, टणक आवाजाची ठिणगी पडली. खाली पिवळट आणि अधूनमधून. खालच्या प्लगची टोपी काढली तर आतली स्प्रिंग हिरव्या गंजाने खाल्लेली होती आणि वायरीचे टोक काळे पडलेले होते. वायर टोकाशी जेमतेम अर्धा सेंटिमीटर कापली, आत चकचकीत तांबे दिसले, नवी टोपी बसवली आणि खालची ठिणगीही निळी झाली. ठिणगी मुळीच पडत नसेल तर सर्वांत आधी पाहायची ती आपत्कालीन दोरीची, म्हणजे चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या दोरीची, क्लिप. ती जागेवर नसली की इग्निशन बंदच राहते आणि माणूस नसलेला दोष शोधत तासन्तास बसतो.

पेट्रोलची कथा मात्र लांबली. टाकीच्या तळाशी उरलेले पेट्रोल मी काचेच्या बरणीत ओतले आणि हलवून ठेवून दिले. अर्ध्या तासाने बरणीत दोन थर दिसू लागले. वरचा थर गडद चहाच्या रंगाचा, आणि तळाशी बोटभर जाडीचा, किंचित गढूळ, वेगळाच द्रव. दोहोंच्या मधली रेघ सुरीने ओढावी तशी स्वच्छ होती. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल त्या पाण्यासह पेट्रोलपासून सुटून खाली बसते. टाकीतली नळी पेट्रोल उचलते ती तळाकडूनच, त्यामुळे असे पेट्रोल घेऊन पाण्यात गेले तर इंजिनाला आधी हाच खालचा थर मिळतो, आणि त्यात टू-स्ट्रोक ऑइल जवळजवळ नसतेच. मी टाकी रिकामी करून धुतली, वाळवली आणि ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर ऑइल, म्हणजे पन्नासास एक या प्रमाणात, ताजे मिश्रण केले. ऑइल टीसी-डब्ल्यू३, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या, दर्जाचेच घेतले. आउटबोर्ड मोटर पाण्याने थंड होते, तिचे तापमान हवेने थंड होणाऱ्या दुचाकीच्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी राहते, आणि दुचाकीचे ऑइल तिच्यात नीट न जळता राखेचे कण मागे ठेवते.

कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) उघडला तेव्हा फ्लोटच्या, म्हणजे आतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या, वाटीत हिरवट-तपकिरी, लाखेसारखा कडक थर बसलेला होता आणि त्याला आंबूस, रंगासारखा वास येत होता. खोलण्याआधी मी एक गोष्ट केली ती फार उपयोगी पडली. मंद गतीचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवले. ते पावणेदोन भरले. स्क्रू जोराने आवळला तर त्याचे सुईसारखे टोक चेपते आणि मग कोणत्याही फेऱ्यावर इंजिन मंद गतीत नीट चालत नाही. मुख्य जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी छिद्रातून) उजेड दिसत होता, पण मंद गतीच्या जेटचे केसाएवढे छिद्र पार बुजलेले होते. तारेने टोकरायचे नाही हा नियम मी पाळला, कारण पोलादी तार पितळेचे छिद्र मोठे करते आणि जेटचे माप हीच तर त्याची सगळी किंमत असते. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवून, वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा हलक्या हाताने आरपार काढून आणि शेवटी दाबाची हवा मारून ते मोकळे केले. उजेडाकडे धरल्यावर पूर्ण गोल ठिपका दिसला तेव्हाच जेट परत बसवला. नीडल आणि गॅस्केट नवे घातले, फ्लोटची उंची पुस्तिकेबरहुकूम लावली.

यानंतर खालचा भाग. आउटबोर्डची मूळ मांडणी शंभर वर्षांहून अधिक काळ बदललेली नाही. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये विकायला काढलेल्या एका सिलिंडरच्या मोटरमध्येही वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा शाफ्ट, तळाशी काटकोनात बसवलेले गियर आणि त्यांच्यावर फिरणारा पंखा हीच रचना होती. माझ्या मोटरमध्ये त्या उभ्या शाफ्टवरच, पाण्याच्या पातळीखाली, पाण्याचा पंप बसतो. त्याच्या घरात रबराचा इम्पेलर फिरतो आणि थंडाव्याचे पाणी वर चढवतो. हा इम्पेलर वर्षानुवर्षे एकाच जागी दबून राहिला की त्याच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात. त्यामुळे तो बदलायचा हे आधीच ठरलेले होते. प्रश्न होता तिथपर्यंत पोचण्याचा.

खालचा भाग पाच बोल्टांवर टांगलेला होता. चार दिसत होते. पाचवा पंख्याच्या वरच्या छोट्या शेपटीसारख्या तुकड्याखाली लपलेला. तो तुकडा काढण्यापूर्वी त्याच्या कडेला ओरखड्याची खूण केली, कारण त्याच्या कोनावर होडीचे सुकाणू एका बाजूला ओढते की सरळ राहते हे अवलंबून असते. तीन बोल्ट सहज सुटले, लपलेलाही थोड्या प्रयत्नाने सुटला, पण मागच्या डाव्या बोल्टाने दोन दिवस घेतले. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, अॅल्युमिनियमचे आटे आणि खारे पाणी यांची गाठ पडली की अॅल्युमिनियम गंजून त्याची पांढरी पूड आट्यांत सिमेंटसारखी घट्ट बसते. पान्यावर जोर दिला तेव्हा बोल्ट हलल्यासारखा वाटला. पण हात सैल सोडताच पाना तितकाच मागे आला. बोल्ट सुटत नव्हता, तो पिळला जात होता. हा फरक हाताला नीट कळतो, आणि तो कळूनही आणखी जोर दिला तर पुढच्या क्षणी डोके हातात येते आणि दांडा आत राहतो. मी तिथेच थांबलो. गंज सोडवणारे ऑइल टाकून रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी गरम हवेच्या बंदुकीने बोल्टाभोवतालचे अॅल्युमिनियम तापवले, कारण तेच तापमान चढल्यावर अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. आणि आधी सैल करण्याऐवजी केसभर आवळून पाहिले. एक बारीक, कोरडी करकर ऐकू आली. मग पाव फेरा मागे, तितकाच पुढे, पुन्हा ऑइल, पुन्हा ताप. प्रत्येक वेळी आट्यांतून ओली पांढरी पूड थोडी थोडी बाहेर येत होती. सव्वा तासाने बोल्ट अख्खा बाहेर आला. तो मी घासून परत वापरला नाही, नवा आणला, आणि पाचही बोल्टांच्या आट्यांना गंजरोधक ग्रीस लावले.

पंपाचे घर उघडल्यावर इम्पेलरच्या सहा पाकळ्यांपैकी दोघींची टोके नाहीशी झालेली दिसली. नवा इम्पेलर घालून काम संपवता आले असते. पण तुटलेले रबर कुठेतरी गेलेच असणार. एक तुकडा वर जाणाऱ्या पाण्याच्या नळीच्या तोंडाशीच मिळाला. दुसरा खूप शोधूनही मिळेना, तो शेवटी इंजिनाच्या माथ्यावरच्या थर्मोस्टॅटखाली (ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेखाली) सापडला. तिथपर्यंत पोचायला आणखी एक झाकण खोलावे लागले, पण ते खोलले नसते तर वरच्या सिलिंडरभोवतीचे पाणी अडले असते आणि नव्या पंपाचा काही उपयोग झाला नसता. थर्मोस्टॅट स्वतः मिठाने भरलेला होता. तो स्वच्छ करून दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात टांगला आणि थर्मामीटर लावून पाणी तापवले. त्याच्यावर ५२ अंश सेल्सियस असे छापलेले होते. त्याच्या थोडे पुढे तो उघडू लागला आणि पाणी निवल्यावर परत मिटला. म्हणून तो ठेवला.

नवा इम्पेलर बसवताना शाफ्टवरची लहान चावी ग्रीसने चिकटवून घेतली, पाकळ्यांना साबणाचे पाणी लावले आणि शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत फिरवत घर खाली दाबले, म्हणजे सर्व पाकळ्या चालण्याच्या दिशेला वळतात. शाफ्टच्या दातांना बाजूने ग्रीस लावले, माथ्यावर मात्र लावले नाही. माथ्यावरचे ग्रीस क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) खोबणीत कोंडले जाते आणि शाफ्ट शेवटचे एक-दोन मिलिमीटर वर जाऊ देत नाही.

गियर ऑइल काढले ते दुधाळ निघाले, म्हणजे पाणी आत शिरत होते. पंखा काढून पाहिले तर शाफ्टभोवती मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे वेटोळे बसले होते आणि त्याने सीलची कड कापली होती. सील बदलली. ऑइल नेहमी खालच्या छिद्रातून भरतात, वरच्या छिद्रातून बुडबुडे थांबून सलग ऑइल येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा आणि मग खालचा, दोन्हींना नवे वॉशर घालून.

पाण्याने भरलेल्या पिंपात मोटर पहिल्यांदा सुरू केली, ती मोकळ्या जागेत आणि पंखा काढून ठेवून. पाणी पंपाच्या बरेच वर होते. कोरड्यात काही सेकंद जरी इंजिन चालवले तरी नवा इम्पेलर जळतो. चौथ्या ओढीला ती सुरू झाली. थंडाव्याचे पाणी बाहेर पडते त्या मागच्या छिद्रातून आधी हवेचे फुरफुरणे, मग तुटक थेंब, आणि साधारण अर्ध्या मिनिटात पेन्सिलीएवढी जाड, अखंड धार पडू लागली. त्या धारेखाली मी हात धरून उभा राहिलो. पाणी कोमट झाले आणि कोमटच राहिले. मंद गतीत इंजिन किंचित अडखळत होते आणि धूर जरा जास्त होता, तोही मी सिलिंडरमध्ये घातलेल्या ऑइलच्या खाती टाकला. ही माझी दुसरी चूक.

पाण्यावरची पहिली चाचणी किनाऱ्यालगत, वल्ही आणि नांगर बरोबर घेऊन केली. पहिली आठ-दहा मिनिटे मोटर जोमाने चालली. मग वेग आपोआप उतरू लागला, थ्रॉटल वाढवला तर आणखी उतरला, आणि ती बंद पडली. पाच मिनिटांनी पहिल्याच ओढीला सुरू झाली, थोडी चालली, पुन्हा तेच. थंड असताना चालते, गरम झाल्यावर बंद पडते, निवली की परत चालते, ही लक्षणे मला इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाची) वाटली; कॉइलच्या आतले आवरण तडकले असेल तर तापल्यावर ठिणगी गळते हे खरेच आहे. वल्ही मारत परत आलो, नवी कॉइल मागवली, बसवली आणि पुन्हा पाण्यात गेलो. काडीचाही फरक पडला नाही. त्या दिवशी मी खरोखर खचलो होतो. मी सगळी तपासणी मापे घेऊन केली होती आणि सर्वांत महागडा भाग मात्र केवळ अंदाजावर बदलला होता.

ज्यांनी आयुष्यभर होड्यांची इंजिने दुरुस्त केली अशा एका वयोवृद्ध मिस्त्रींना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले.

"बंद पडते ती झटक्यात पडते, की मरगळत मरगळत?"

मी म्हणालो, "मरगळत. आधी वेग उतरतो, मग थांबते."

"मग ठिणगी कशाला शोधता? ठिणगी गेली की इंजिन दिवा मालवल्यासारखे एका क्षणात थांबते. मरगळते ते उपाशी इंजिन. बरं, मरगळत असताना बल्ब दाबून पाहिलात का?"

मी पाहिले नव्हते. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीवर जो रबरी प्रायमर बल्ब असतो तो सुरू करण्यापुरता दाबायचा, एवढाच मी त्याचा उपयोग जाणत होतो. पुढच्या खेपेला वेग उतरू लागताच मी तो सलग दाबत राहिलो. इंजिनाने दोन आचके दिले आणि पूर्ण वेग धरला. दाबणे थांबवले की अर्ध्या मिनिटात पुन्हा उतरणी. पेट्रोल पोचत नव्हते हे आता निःसंशय होते. बल्बची अवस्थाही मी मिस्त्रींच्या सांगण्यावरून पाहून ठेवली होती. तो चपटा होऊन आत ओढला गेलेला नव्हता. चपटा झाला असता तर अडथळा बल्बच्या मागे, म्हणजे टाकीची हवेची झडप, टाकीतली नळी किंवा जाळी यांच्यात असता. म्हणजे दोष बल्बच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असण्याची शक्यता अधिक होती.

पेट्रोलचा पंप अशा मोटरींत वेगळ्या दट्ट्यावर चालत नाही. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनमागच्या बंद पोकळीत, दाब आणि ओढ आलटून पालटून निर्माण होते, ती एका छोट्या छिद्रातून पातळ डायफ्रॅमवर (लवचिक पडद्यावर) पोचते आणि डायफ्रॅम धडधडून पेट्रोल पुढे ढकलतो. पंप खोलून डायफ्रॅम उजेडाकडे धरला. तो कागदासारखा कडक झाला होता आणि मध्याच्या जरा बाजूला सुईने टोचावे इतके बारीक छिद्र होते. पडदा सरळ असताना ते दिसतही नव्हते, वाकवला की उजेड येत होता. आणि माझ्या मोटरमध्ये पंपाचे दाबाचे छिद्र वरच्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये उघडते. म्हणजे इतका काळ त्या छिद्रातून कच्चे पेट्रोल थेट वरच्या सिलिंडरकडे ओढले जात होते. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेल्या 'वरचा ओला, खालचा कोरडा' या चार शब्दांचा, पिंपातल्या अडखळण्याचा आणि धुराचा उलगडा एकदम झाला. ती नोंद तेव्हाच गंभीरपणे घेतली असती तर कॉइल विकत घ्यावी लागली नसती.

नवा डायफ्रॅम आणि गॅस्केट घातल्यावर मंद गती घड्याळासारखी झाली आणि धूर ओसरला. पण पाण्यावर, दहा मिनिटांऐवजी वीस-बावीस मिनिटांनी का होईना, मोटर पुन्हा मरगळली. बल्ब दाबला की पुन्हा उठली.

या वेळी अंदाज करायचा नाही असे ठरवले. पहिल्यांदा एका परिचितांची टाकी, नळी आणि बल्ब असा पूर्ण संच उसना घेऊन जोडला. दोष तसाच राहिला. त्यामुळे बल्बवरून बांधलेला अंदाज पक्का झाला आणि टाकीपासून इंजिनाच्या जोडणीपर्यंतचे सगळे एका फटक्यात बाद झाले. मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा तुकडा बसवला. नळीतून बाहेरची हवा ओढली जात असती तर सुरुवातीपासून बुडबुड्यांची माळ दिसली असती, आणि बल्ब दाबून दाब दिल्यावर त्याच जागी पेट्रोल पाझरले असते. तसे काहीच नव्हते. नळी आधी काठोकाठ भरलेली होती. इंजिन तापत गेले तशी तिच्यातली धार बारीक होत गेली आणि मरगळण्याच्या वेळी ती जवळजवळ रिकामी होती. फिल्टर स्वच्छ होता. उरला फक्त मोटरच्या झाकणाआतला, जोडणीपासून फिल्टरपर्यंतचा वीतभर लांबीचा रबरी तुकडा, जो बाहेरून काळाभोर, लवचिक आणि निर्दोष दिसत होता.

तो काढून मी धारदार पात्याने उभा चिरला. बाहेरचा थर ठणठणीत होता. आतला पातळ थर मात्र एका बाजूने सुटून, पिकलेल्या फोडाच्या सालीसारखा सुरकुतून मध्यभागी लोंबत होता. बोटाने ढकलला तर भिंतीला चिकटून बसे, आणि सोडला की अलगद परत मध्ये येई. थंड असताना तो थोडा ताठ राहत असणार. झाकणाखालच्या उष्णतेने मऊ पडला की पंपाच्या ओढीने आत खेचला जाऊन झडपेसारखा वाट बंद करी. बल्ब दाबला की मागून आलेला दाब त्याला बाजूला सारी. गरम झाल्यावर बंद पडणे, निवल्यावर सुरू होणे आणि बल्बने जिवंत होणे या तिन्हींचे कारण माझ्या तळहातावर उघडे पडले होते. जुन्या नळ्यांच्या आतल्या थराला इथेनॉल सोसत नाही, तो फुगतो आणि सुटतो. म्हणून मी झाकणाआतल्या सगळ्याच नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, नव्या घातल्या आणि त्यांच्या क्लिपाही बदलल्या.

पुढची चाचणी मी घड्याळ लावून घेतली. दहा मिनिटे, बावीस मिनिटे, जिथे जिथे मोटर पूर्वी थांबली होती त्या प्रत्येक क्षणाला माझा हात नकळत बल्बकडे जात होता. पाऊण तास अर्ध्याहून अधिक थ्रॉटलवर चालवली, त्यातली शेवटची दहा मिनिटे पूर्ण वेगाने. मागची धार एकसारखी पडत होती आणि आवाजात उतार नव्हता. पूर्ण वेगात असतानाच इंजिन बंद केले, किनाऱ्याला आलो आणि दोन्ही प्लग काढून पूर्वीच्याच कागदावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही कोरडे, दोन्ही फिकट तपकिरी, आणि कोणता वरचा व कोणता खालचा हे मला कागदावरची खूण पाहूनच सांगता आले.